खारवेळचा तपकिरी ठिपका

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात खारवेळच्या किनाऱ्यावरची रापण बंद पडली. वादळ झालं नव्हतं, होडी फुटली नव्हती. समुद्र तर ताटात ठेवल्यासारखा शांत होता. किनाऱ्याजवळच्या पाण्यात डोलणाऱ्या एका पिवळ्या यंत्राने गावातल्या सगळ्या फोनांवर निरोप पाठवला होता: इथे संरक्षित तपकिरी शेवाळाची वाढ आढळली आहे, पुढील सूचनेपर्यंत ओढजाळ्यांना मनाई.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते पाण्यात अर्धगोल सोडत जाते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून सगळा गाव ते वाळूवर खेचतो. जाळं तळाला घासत येतं. तळाला शेवाळ असेल तर ते उपटलं जाणार, हे उघड आहे. तेव्हा नियमात चूक नव्हती. फक्त हे यंत्र ज्यांनी तयार केलं त्यांत याच गावची हर्षदा कोयंडे होती, आणि गावच्या रापणीचा पुढारी तिचा बाप होता.

हर्षदा दुपारच्या गाडीने आली. दिगंबर कोयंडे वाळूत पाय पसरून जाळ्याच्या गाठी तपासत बसला होता. गाठी नीटच होत्या.

"इलंस? ये," तो मान वर न करता म्हणाला. "तुझो चुगलखोर बघ कसो डोलता. आमची जाळी सुकतत आणि तो डोलता."

"बाबा, मी बघूकच इलंय."

"बघ मगे. माका तर चाळीस वर्षांत हयसर शेवाळ दिसाक नाय. तुका दिसला तर माकाय दाखय."

शेजारी मोतीराम तांडेल विडी ओढत होता. तो म्हणाला, "दिगू, तिका कित्याक बोलतंस? यंत्राक विचार, उद्या चुलीर काय शिजवचा ता."

दोघं-तिघं हसले. हर्षदाही हसली असती, पण मोतीरामच्या घरी खरोखरच चूल त्या दोरावर पेटत होती.

इथे जरा थांबून त्या शेवाळाची ओळख करून घेऊ, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून घडलं.

कोकणच्या खडकांवर पाऊस सरल्यावर एक तपकिरी शेवाळ उगवतं. त्याला फांद्या असतात, पानांसारखी पाती असतात, आणि पात्यांच्या बेचक्यात वाटाण्याएवढे हवेचे फुगे असतात. फुग्यांमुळे ते पाण्यात उभं राहतं आणि त्याला ऊन मिळतं. खाली एक चकतीसारखा पाया असतो, तो खडकाला घट्ट चिकटतो. शास्त्रात या घराण्याला सरगॅसम म्हणतात. या घराण्यातली भावंडं ओळखणं फार अवघड. एकच जात लाटांच्या माऱ्यात वाढली तर तिची पाती अरुंद होतात, शांत डबक्यात वाढली तर रुंद. त्यामुळे जुन्या अभ्यासकांनी कधी एकाच शेवाळाला तीन नावं दिली, तर कधी तीन शेवाळांना एकच.

मग पेशींच्या आतल्या जनुकांवरून ओळख पटवायची पद्धत आली. रूप बदललं तरी जनुकं बदलत नाहीत. त्यातून कळलं की कोकणात या घराण्यातली एक वेगळीच जात आहे. तिच्या झुबक्यांत माशांची पिल्लं लपतात, खातात, मोठी होतात. किनाऱ्यावरच्या मासळीची ती बालवाडीच म्हणा. ती जात जपायची असं ठरलं. पण जपायची तर ती कुठेकुठे आहे हे आधी कळायला हवं.

त्यासाठी हर्षदा जिथे काम करते त्या समुद्र-संशोधन केंद्राने जलवाचक बनवला: तेच ते डोलणारं पिवळं यंत्र. शाळा सुटल्यावर तुम्ही रिकाम्या वर्गात गेलात, तर तिथे कोण बसलं होतं हे तुम्हाला ओळखता येईल. पेन्सिलीची सालं, एखादं बटण, चिंचोके, काहीतरी मागे राहतंच. पाण्यातला प्रत्येक जीवही असाच मागे काहीतरी टाकत असतो: पेशी, कातडीचे कण, बीजं. जलवाचक पाण्याचा घोट घेतो, त्यातल्या जनुकांच्या चिंध्या वाचतो आणि सांगतो, इथे अमुक जीव आहे. दोन वर्षांत किनाऱ्याच्या नकाशावर साठाहून जास्त तपकिरी ठिपके उमटले. पहिल्या काही ठिपक्यांवर माणसांनी बुड्या मारून खात्री केली होती. ती ठिकाणं खडकाळ टोकांवरची होती, आणि यंत्राचा शब्द तिथे खरा निघाला. नंतर बुड्या थांबल्या.

खारवेळचा ठिपका उमटला तेव्हा हर्षदाने मुद्दामच तिकडे जायचं टाळलं. स्वतःच्या गावचा ठिपका तपासायला गेली, तर लोक म्हणतील बापासाठी गेली. आपल्या प्रामाणिकपणाला डाग लागू नये म्हणून तिने तो ठिपका तसाच राहू दिला होता.

आता ती ओहोटीला पाण्यात उतरली. चष्मा लावून किनाऱ्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोहत गेली. खाली वाळू होती. स्वच्छ, लाटांनी वळ्या पाडलेली वाळू. शेवाळाला चिकटायला हाताएवढासुद्धा दगड नव्हता.

मग तिने वेगवेगळ्या जागचं पाणी बाटल्यांत भरून हातातल्या छोट्या जलवाचकाला पाजलं. उत्तर चमत्कारिक आलं. भर समुद्रात शेवाळाची खूण अगदी फिकी, यंत्राजवळ ठळक, आणि गावचा व्हाळ, म्हणजे ओढा, जिथे समुद्राला मिळतो तिथे सगळ्यांत ठळक. म्हणजे समुद्रातलं शेवाळ जमिनीकडून येत होतं.

ती व्हाळाच्या काठाकाठाने वर चालू लागली. माडांच्या बागा सुरू झाल्या. पहिल्याच वळणावर तिची प्रभाआत्या गुडघाभर पाण्यात उभी होती. प्रभावती ही दिगंबरची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि आईवेगळ्या हर्षदाला तिनेच वाढवलं. व्हाळाकाठची माडांची बाग तिची. काठावर ओल्या तपकिरी शेवाळाने भरलेले वेताचे हारे ठेवले होते, आणि आत्या एकेक जुडी व्हाळात खळाळून धूत होती.

"हर्षू? कधी इलंस गो? जेवलंस?"

हाऱ्यांकडे बघत हर्षदा तिथेच काठावर बसली.

हे दृश्य तिला नवीन नव्हतं. लहानपणी ती स्वतः या जागी उभं राहून हेच करत आली होती. पाचखडकाच्या टोकावरून होडीने शेवाळ आणायचं, व्हाळात तीन पाण्यांत धुऊन त्यातलं मीठ घालवायचं, आणि मग माडाच्या आळ्यात पुरायचं. किनाऱ्यावरची सगळी गावं माडांना हेच खत घालतात. दात घासावेत इतकं ते रोजचं काम. म्हणूनच ते तिच्या डोक्यात कधी शास्त्राच्या खणात जाऊन बसलंच नव्हतं.

"आत्ये, ह्यां वाहून इलेला शेवाळ?"

"वाहून येताहा खंय आता? पूर्वी किनाऱ्यार ढीग लागायचे. आता खडकारसून कापूक लागता." आत्याने एक जुडी वर धरली. तिच्या बुडाशी पायाची चकतीसुद्धा निघून आली होती. "मुळासकट ओढला की बरा पडता. भरपूर येता."

हर्षदाने ती जुडी हातात घेतली. व्हाळाच्या गोड्या पाण्यात तिचे फुगे मऊ पडले होते आणि देठांतून तपकिरी पाणी सुटत होतं.

मनुका पाण्यात टाकली की फुगते, हे तुम्ही पाहिलं असेल. आत साखर दाट असते, म्हणून पाणी आत शिरतं. समुद्रातल्या शेवाळाच्या पेशींत क्षार दाट असतात. अशी पेशी गोड्या पाण्यात पडली की पाणी आत घुसत राहतं, पेशी फुगते आणि शेवटी फुटते. फुटली की आतली सगळी जनुकं बाहेर. खडकावर जिवंत उभं असलेलं शेवाळ वर्षभरात पाण्यात जेवढ्या खुणा सोडत नसेल, तेवढ्या हाराभर शेवाळ गोड्या पाण्यात धुतल्यावर सकाळभरात सुटतात. जलवाचक खोटं बोलला नव्हता. वर्गात चिंचोके सापडले होते. पण म्हणून वर्गात चिंचेचं झाड उगवलेलं नसतं.

ती घरी आली आणि ओसरीवर बसून तिने पडद्यावर किनाऱ्याचा नकाशा उघडला. तपकिरी ठिपके एका बाजूला, माडांच्या बागा दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकमेकांवर ठेवले. खडकाळ टोकांवरचे थोडे सोडले, तर प्रत्येक ठिपका अशा ठिकाणी होता जिथे माडांची बाग होती आणि बागेतून समुद्राला मिळणारा व्हाळ होता. दोन वर्षं खपून तिने शेवाळ कुठे उगवतं याचा नकाशा केला नव्हता. शेवाळ कुठे धुतात याचा केला होता.

केंद्राच्या प्रमुख सबनीस मॅडम यांना तिने फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही.

"बरं झालं, तूच शोधलंस," त्या म्हणाल्या. "खारवेळचा ठिपका काढून टाकू. तू दाखला दे की स्थानिक कारणामुळे चुकीची नोंद झाली. या आठवड्यात बंदी उठेल."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्या ठिकाणांहून तक्रार आली आहे का?"

"मॅडम, नकाशा साठ ठिकाणं दाखवतोय. शेवाळ खरं दहा ठिकाणीसुद्धा नसेल. आणि साठ ठिकाणी आहे म्हणजे एका जागचं कापलं तरी चालेल, असं समजून पाचखडकावर यंत्राने कापणी करायचा परवाना निघतोय. आइस्क्रीम घट्ट करायच्या पावडरीसाठी. गावचे लोकही मुळासकट उपटताहेत. चार-पाच वर्षांत संपेल ते."

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला.

"हर्षदा, नकाशा मागे घेता येतो. पण नियम तुला माहीत आहे. नवा नकाशा होईपर्यंत सगळ्या बंद्या आहेत तशाच राहतात. खारवेळचीसुद्धा. म्हणजे तुझ्या वडिलांचा हा हंगाम गेला. हे मी तुला सांगितलं नाही, असं नंतर व्हायला नको. परवापर्यंत कळव."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं जेवायला बसली. बांगड्याचं तिखलं होतं. बांगडे बाजारातून आणलेले, आणि दिगंबरने ते आल्यापासून दोनदा बोलून दाखवलं होतं. हर्षदाने दोघांना सगळं सांगितलं. व्हाळ, गोडं पाणी, नकाशा, दाखला. एकही गोष्ट गाळली नाही.

आत्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे माझ्या माडांमुळे ह्याची रापण बंद झाली?"

"तुझ्या नाय गो. सगळ्यांच्याच."

"झाला मगे," दिगंबर म्हणाला. "चूक समाजली. तू सही कर, उद्या-परवा आम्ही जाळा टाकतंव. आत्येचे माड आत्येकडे, माझी रापण माझ्याकडे. हेच्यात अडला खंय?"

"पाचखडकार पेडव्यांची, बांगड्यांची पिल्लां वाढतत, बाबा. ता शेवाळ गेला की पिल्लां जातली. मगे जाळा टाकून येतला काय?"

"पाच वर्षांनी काय येतला ता पाच वर्षांनी बघूया. ह्या वर्साचा सांग. मोतीरामाच्या चेडवाचा लगीन असा माघात. तेका काय सांगू? पिल्लां वाढतत, थांब?"

हर्षदा ताटातल्या बांगड्याचे काटे वेगळे करत राहिली.

"आणि नवो नकाशो झालो तर?" आत्याने विचारलं. "माका खडकारसून शेवाळ आणूक गावतला?"

"नाय, आत्ये."

"वाळूतले माड असत ते. वाळूत काय कस नसता. त्याच माडांर तुझा शिक्षान झाला." आत्या हे रागाने म्हणाली नाही. हिशेबही मांडला नाही. जसं आहे तसं सांगितलं, आणि ताट उचलून ती पडवीत गेली.

दिगंबर हात धुवायला उठला आणि दारात थांबला. "तुझा आडनाव कोयंडे असा ना? की ताय नकाशार घालून इलंस?"

हर्षदाने दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राला कळवलं. दाखला दिला नाही; चुकीचं कारण एकट्या खारवेळपुरतं नव्हतंच. संपूर्ण नकाशा चुकीचा आहे, तो का चुकीचा आहे, आणि चूक करणारी मी आहे, असं लिहिलं. पाठवण्याआधी तिने ते वडिलांना वाचून दाखवलं. पाठीमागून करायचं नाही, एवढं एक तिने ठरवलं होतं. दिगंबरने ऐकलं, आणि तो उठून जाळ्याकडे गेला. त्याने आणि मोतीरामने मिळून जाळं घडी घालून मांडवात ठेवलं.

दिवाळीनंतर दिगंबर बंदरावर गेला आणि एका ट्रॉलरवर खलाशी म्हणून चढला. रापणकराने ट्रॉलरवर जाणं म्हणजे काय, हे किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही. ज्या बोटींनी आपली मासळी पळवली म्हणून तो आयुष्यभर भांडत आला, त्यांच्यातल्याच एकीवर तो आता कुणा पोरसवदा तांडेलाचे, म्हणजे बोटीच्या कप्तानाचे, हुकूम ऐकत होता. मोतीरामच्या मुलीचं लग्न पुढे ढकललं गेलं. हर्षदा गावात आली की लोक तिच्याशी बोलत, पण उभ्याउभ्याच.

ती येत राहिली, कारण नवा नकाशा तिलाच करायचा होता. या वेळी यंत्र सोबत होतं, पण आधी डोळे. ती आणि तिचे दोन सहकारी प्रत्येक ठिपक्यावर ओहोटीला उतरले. जिथे शेवाळ होतं तिथे त्याचा पाया, पाती, फुगे पाहिले, मग यंत्राला विचारलं. आणि प्रत्येक गावात एक नवा प्रश्न विचारला: या पाण्यात तुम्ही काय धुता? काही जण हसले, काहींना वाटलं नवी बंदी येतेय. पण बहुतेकांनी सांगितलं. कारण आजवर त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

शिमग्याच्या आधी नकाशा पूर्ण झाला. साठाहून जास्त ठिपक्यांतले आठ उरले. सगळे खडकाळ टोकांवर, आणि त्यांतलं सगळ्यांत दाट शेवाळ पाचखडकावर. कापणीचा परवाना रद्द झाला. खारवेळची बंदी उठली. हंगाम जवळजवळ सरला होता.

दिगंबर ट्रॉलर सोडून परत आला. गाल बसले होते. दुसऱ्याच सकाळी मांडवातून जाळं बाहेर निघालं आणि होडी पाण्यात गेली.

हर्षदा किनाऱ्यावर लांब उभी होती. दोर ताणले गेले, माणसं दोन रांगांत लागली. हंगामाच्या शेवटी अर्धी माणसं कामाला शहरात गेली होती, हात कमी पडत होते. ती गेली आणि मागच्या टोकाला दोर धरला. पुढे कोण आहे ते तिने पाहिलं नाही. थोड्या वेळाने तिच्या मागेही कुणीतरी दोर धरला. वळून पाहिलं तर आत्या होती, पदर खोचलेली.

"माझ्याकडे काय बघतंस? ओढ," आत्या म्हणाली. जेवायला बसलेल्या त्या दुपारनंतर ती हर्षदाशी आपणहून बोललेली ही पहिली वेळ.

जाळं वर आलं. मासळी बेताचीच होती: बरेचसे पेडवे, काही बांगडे. दिगंबर वाटे घालू लागला. किनाऱ्यावरची रीत अशी, की दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. मग तो पुढारी असो की वाटसरू. दिगंबर रांगेने ढीग घालत आला आणि हर्षदासमोर थांबला. त्याने तिच्या तळहातांकडे पाहिलं. दोराने ते सोलले होते.

"खाऱ्या पाण्यात धू. बरे होतले," तो म्हणाला, आणि इतरांच्या ढिगाएवढाच ढीग तिच्यापुढे घालून पुढे गेला.

आत्या मात्र ढीग घेऊन घरी निघाली नाही. ती घरोघरच्या बायकांकडून मासळीची डोकी, पोटं, चिरडलेले पेडवे मागून घेत हाऱ्यात टाकत होती. तिचे माड या वर्षी पिवळे पडले होते. मासळीचं खत कुणीतरी सांगितलं होतं. चालेल की नाही, ठाऊक नव्हतं. वासाने कोल्हे येतील ते वेगळंच.

दोन हारे भरले. त्यांतून लाल पाणी गळत होतं. आत्या ते बघत उभी राहिली.

"हर्षू, ह्यां मी व्हाळात धुवन घेतंय. मीठ जावक होया. तुझो चुगलखोर मगे सांगतलो काय, खारवेळच्या व्हाळात बांगडे पिल्लां घालतत म्हणान?"

हर्षदा म्हणाली, "सांगतलो."

"मगे?"

"मगे मी येवन तुका विचारतलंय."

"विचार," आत्या म्हणाली. "पण रिकाम्या हातांनी विचारूक येव नको. तो हारो उचल."

हर्षदाने हारा डोक्यावर घेतला. ओघळ तिच्या कानामागून मानेवर उतरले. आत्या पुढे, ती मागे, अशा दोघी व्हाळाच्या वाटेला लागल्या.